वायफायचा पासवर्ड गावभर असतो, त्याचं काय?

मोबाईलवरून चालणाऱ्या वायफाय बोर्डाच्या पानाला पासवर्ड लावण्याबद्दलच्या तुमच्या लेखातलं ‘बोर्ड घरच्याच वायफायवर आहे, तेव्हा साधा पासवर्ड पुरे’ हे वाक्य काही पटलं नाही. वरुडकडे आमची संत्र्याची बाग आहे. विहिरीवरच्या मोटारीला भाच्याने ईएसपी८२६६ हा वायफायवर चालणारा छोटासा बोर्ड लावून दिला, मोबाईलवर पान उघडायचं आणि बटण दाबायचं. रात्रीची लाइन असली की उठून वावरात जायचं काम वाचलं. पासवर्ड काय, तर अ‍ॅडमिन-अ‍ॅडमिन! आणि वायफायचा पासवर्ड तोडणीवाल्यांपासून पाहुण्यांच्या पोट्ट्यांपर्यंत सगळ्यांकडे. त्यातल्याच एकानं गंमत म्हणून मोटार चालू केली. उन्हाळ्याचे दिवस, विहिरीत पाणी नाही, मोटार कोरडी चालून जळाली. रिवाइंडिंगचा खर्च माझ्या बोडख्यावर.

नंतर भाच्याने पासवर्ड लांबलचक केला, पण तेवढ्याने भागत नाही बाप्पा. पासवर्ड विचारायची जी साधी पद्धत, त्या बेसिक ऑथेंटिकेशनमध्ये पासवर्ड दर वेळी बेस६४ करून, म्हणजे ठरलेल्या तक्त्याने दुसऱ्या अक्षरांत लिहून, जातो. ते कुलूप नव्हे, नुसता वेश बदलणं. वाटेत पकडणाऱ्याला क्षणात उलगडतं. एवढ्याशा मेमरीत एचटीटीपीएस (सगळी देवाणघेवाण कुलूपबंद करणारी पद्धत) बसवताना बोर्डाचा जीव जातो हे खरं, पण त्याच्या वेब सर्व्हर लायब्ररीत (पान दाखवणाऱ्या तयार कोडात) डायजेस्ट नावाच्या पद्धतीची सोय आहे, त्यात पासवर्ड उघडा जात नाही. लेखात त्याचा उल्लेखच नाही. आम्ही तेच लावलं, आणि बोर्डासाठी वेगळा राउटर. नागपूरहून मोटार चालवायची म्हणून पोर्ट, म्हणजे बाहेरच्या इंटरनेटवरून आत यायचं राउटरचं दार, उघडायचा भाच्याचा हट्ट मात्र मी मोडून काढला. २०१६ मध्ये मिराई नावाच्या घातक प्रोग्रामने कारखान्यातून आलेले तयार पासवर्ड वापरूनच लाखो कॅमेरे-राउटर ताब्यात घेतले होते.