मासा दुपारी दोननंतर भेटणार नाही

आमचे जावई मूळचे सदाशिव पेठेतले, त्यामुळे जन्मात त्यांनी मासा खाल्लेला नाही. अमेरिकेत मोंटानात नोकरी लागल्यापासून मात्र ते पकडतात. पकडतात, ओशाळवाणं तोंड करून त्याच्याकडे बघतात आणि सोडून देतात. मी देवबागचा. खाडीत कोळंबीचा तुकडा लावून गरवण्यात आमचं बालपण गेलं, आणि गरीला लागलेली तांबोशी कोणी परत पाण्यात सोडली असती तर घरच्यांनी त्याला भगताकडे नेलं असतं.

ऑगस्टात लेकीकडे गेलो, तर दुसऱ्याच दिवशी जावई म्हणाले, "बाबा, उद्या मॅडिसन नदीवर जाऊ. साडेतीनला उठावं लागेल."

"एवढ्या पहाटे? भरती आहे का?"

"नाही हो. पाणी गार असतं."

तर भानगड अशी. उन्हाळा सरत आला की तिकडच्या डोंगरांवरचं बर्फ वितळून संपतं, नद्यांचं पाणी उतरतं, आणि जे उरतं ते दुपारच्या उन्हात तापतं. ट्राउट हा थंड पाण्याचा मासा. पाणी तापलं की त्यातला प्राणवायू कमी होतो, आणि अशात गळाला लागलेला मासा सोडला तरी दमून मरू शकतो. म्हणून पाणी सलग तीन दिवस २३ अंशांच्या आसपास गेलं की सरकार दुपारी दोनपासून मध्यरात्रीपर्यंत मासेमारी बंद करू शकतं. आपल्याकडे जून-जुलैत बंदी असते ती समजू शकतो. समुद्र खवळलेला, माशांची वीण चालू. पण माशाला उकडतंय म्हणून नदीला कुलूप? मे महिन्यात मालवणात माणूस उकडून निघतो, त्याची आजवर कोणी दखल घेतलेली नाही.

परवान्याचं तर विचारू नका. मासेमारीचा वेगळा, त्याआधी संवर्धनाचा वेगळा, आणि बाहेरचे उपद्रवी जलचर येऊ नयेत म्हणून आणखी एक पास. तो मला, बाहेरून आलेल्याला, जास्त पैसे घेऊन विकला. जन्म बँकेत काढूनही एका गळामागे इतके कागद पाहिले नव्हते.

१९५९ च्या भूकंपात डोंगर कोसळून नदी अडली आणि क्वेक लेक हा तलाव तयार झाला, त्याच्या खालच्या अंगाला आम्ही उतरलो. वणव्यांच्या धुरामुळे सूर्य उगवला तोच भगवा. नदीत गोटे शेवाळलेले, पाणी मांडीपर्यंत आणि बर्फासारखं. हे "तापलेलं" पाणी!

सकाळी पाण्यावर ट्रायको नावाच्या चिलटाएवढ्या किड्यांचा सडा पडतो, म्हणून गळाला त्याचीच नकली माशी लावायची. गळ २२ नंबरचा. नंबर जितका मोठा तितका गळ बारीक. अशा चार-पाच माशा माझ्या नखावर सहज मावल्या असत्या. दोरा मिलिमीटरच्या आठव्या हिश्शाएवढा जाड. मोतीबिंदू काढल्यापासून मला दूरचं झकास दिसतं, जवळचं देवाच्या भरवशावर. जावयांनी ओवून दिलं, गाठ थुंकीने ओली करून आवळली आणि म्हणाले, "आता फक्त मनगट सैल सोडा." सोडलं. पहिली फेक मागच्या विलोच्या झुडपात, दुसरी माझ्या टोपीत. पाणी इतकं नितळ की टोपी हलली तरी मासे पसार.

पण एक लागला! रुपेरी, लहान तोंडाचा, हातभर. मी हरखलो. जावयांचा चेहरा पडला. "व्हाइटफिश आहे, बाबा." चौकशी केली तेव्हा कळलं, हा इथला मूळचा रहिवासी. ब्राउन ट्राउट १८८० च्या दशकात युरोपातून अमेरिकेत आणलेला, रेनबो ट्राउट पॅसिफिक किनाऱ्याकडून आणून सोडलेला. आता उपऱ्यांना पायघड्या आणि गावकऱ्याला हाड्हाड्. पर्यटन वाढल्यापासून आमच्या गावातही हेच बघतोय, त्यामुळे मला त्या माशाबद्दल फार आपुलकी वाटली.

"ह्यो भाजून बरो लागतलो," मी म्हटलं. जावयांनी ऐकलंच नाही.

मग त्यांना ब्राउन लागला. काय ती सरबराई! आधी हात ओले केले, कोरड्या हाताने त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर जातो म्हणून. गळ पाण्यातल्या पाण्यातच काढला. तोंड प्रवाहाकडे धरून त्याला दम खाऊ दिला आणि तो स्वतःहून निघेपर्यंत हे वाकून उभे. दिवाळसणाला यांची बडदास्त आम्ही अशीच ठेवली होती, फक्त ते लवकर निघाले नव्हते.

बाराच्या सुमाराला त्यांनी नदीत थर्मामीटर बुडवला. "एकोणीस झालं. आता पुरे."

"दोनपर्यंत चालतं ना?"

"कायद्याने चालतं. माशाला नाही चालत."

पुणेकरापुढे युक्तिवाद करणं मी लग्नाच्या बैठकीतच सोडलं होतं. गाडीपाशी आलो, तोच वारा सुटला. आणि खरी गंमत तिथे आहे. या दिवसांत ट्राउटची मेजवानी म्हणजे नाकतोडे. ऊन चढून गवत तापल्याशिवाय नाकतोडा उडत नाही, आणि वाऱ्याशिवाय तो नदीत पडत नाही. म्हणजे पंगत बसणार दुपारी, आणि आम्ही दुपारी बाहेर! फोमचे नाकतोडे भरलेली अख्खी डबी जावयांच्या खिशात. समोर नदीत डबाक् डबाक् आवाज. त्यांनी एकदा नदीकडे पाहिलं, एकदा घड्याळाकडे, आणि मुकाट्याने मेतकूट-पोळीचा डबा उघडला.

घरी लेकीने विचारलं, "काय मिळालं, बाबा?"

"एक गावकरी," मी म्हटलं. "सोडला."

श्रावण चालू होता, त्यामुळे तिच्या आईने माझं कौतुकसुद्धा केलं.