वॉशरच्या पंपाबद्दल तुम्ही लिहिलंत, त्याला उत्तर

साहेब, नमस्कार. गॅरेज माझं आहे, म्हणून उत्तर मीच देतो.

तुम्ही एक तारा देऊन लिहिलंय की १९ वर्षांच्या मारुती ८०० चा काच धुवायचा पंप आमच्याकडे बदलला, ८५० रुपये दिले आणि नवव्या दिवशी पाणी पुन्हा बंद. पुढे असंही म्हटलंय, की जुनी गाडी दिसली की हे लोक चांगला पार्टही बदलायला लावतात.

हे वाचलं आणि काल संध्याकाळी तुमचा जुना पंप शोधून काढला. काढलेले पार्ट आम्ही महिनाभर ठेवतो. पंपाचं तोंड बादलीत बुडवून दोन वायरी थेट बॅटरीला लावल्या, तर धार समोरच्या भिंतीवर गेली. म्हणजे पंप चांगला होता आणि आम्ही तो बदलला. लुबाडायचं मनात नव्हतं, तपासणी अर्धवट झाली. पण पैसे तुमचे गेले, तेव्हा मनात काय होतं याला तुमच्या लेखी किंमत नाही, हे मला कळतं. ८५० रुपये परत मिळतील. नवा पंप तसाच राहू दे, जुना सोबत न्या.

चूक नेमकी कुठं झाली ते सांगतो, कारण किनाऱ्यावरच्या बऱ्याच जुन्या गाड्यांचं हेच दुखणं असतं. आमच्या गॅरेजातल्या मुलानं फ्यूज बघितला, ठीक होता. मग पंपाचा कपलर, म्हणजे वायरी जोडणारा प्लग, काढून त्यात टेस्ट लॅम्प लावला. तुम्ही आत बसून वॉशरची दांडी ओढलीत, लॅम्प पेटला. करंट येतोय आणि पंप फिरत नाही, म्हणजे पंप गेला, असं त्यानं धरलं. पण लॅम्पला करंट लागतो जेमतेम आणि पंपाला त्याच्या कितीतरी पट. कपलरच्या पितळी पिनांवर हिरवा कळंक चढला असेल किंवा अर्थची (निगेटिव्हची) वायर बॉडीला जिथं स्क्रूनं आवळलेली असते तिथं गंज असेल, तर लॅम्पपुरता करंट त्यातून जातो. पंपाचा भार पडला की व्होल्टेज खाली येतं. मल्टिमीटरही कपलर काढून लावला तर सरळ १२ व्होल्ट दाखवतो आणि फसवतो. मोजायचं ते कपलर जोडलेला असताना, दांडी ओढून धरून. तेव्हा पंपाच्या दोन वायरींत १२ च्या आसपास मिळूनही पंप मुका राहिला, तर दोष पंपाचा. सहा-सात मिळाले, तर वायरिंगचा. मग पंपाची अर्थची वायर आणि बॅटरीचं निगेटिव्ह यांत मोजायचं. तिथं जवळपास शून्य यायला हवं. एक-दोन व्होल्ट आले तर अर्थ खराब. हे पाच मिनिटांचं काम होतं आणि ते आमच्याकडून राहिलं.

तुम्ही विचाराल, मग आठ दिवस चालला कसा? पंप बदलताना कपलर निघाला, पुन्हा बसला. त्या ओढाताणीत पिना घासल्या गेल्या आणि तेवढ्यापुरता संपर्क आला. तुमची गाडी समुद्रालगत उघड्यावर असते असं तुम्ही म्हणाला होतात. खारा वारा आणि दमट हवा, कळंक परत धरायला वेळ लागत नाही. गाडी पाहिल्याशिवाय छातीठोक सांगणार नाही, पण माझा संशय तिथंच आहे.

दोन तास थांबावं लागलं असं तुम्ही म्हणता, तेही खरं. गणपतीच्या गाड्यांची रांग होती. ते आधी सांगायला हवं होतं.

एका गोष्टीवर मात्र मी ठाम आहे. टाकीत कपड्यांची पावडर घालू नका असं सांगितलं, त्याला तुम्ही शहाणपण शिकवणं म्हटलंय. ते सांगणारा मीच. पावडर पुरती विरघळत नाही, तळाशी बसते, जाळी धरते आणि काचेवर पाणी उडवणाऱ्या जेटच्या भोकात वाळून खडा होतो. त्यात पाण्यातून जांभ्याची बारीक माती आली की झालंच. तुमचे दोन्ही जेट मी बारीक तारेनं मोकळे केले, तेव्हा पांढरा लगदाच निघाला होता. साधं गाळलेलं पाणी घाला. आणि टाकी रिकामी असताना दांडी ओढत राहू नका, कोरडा फिरून पंप जळतो.

वॉशर म्हणजे किरकोळ काम, असं आमच्या गॅरेजात कुणी समजत असेल तर ते मी खपवून घेणार नाही. धो धो पावसात त्याची गरज नसते. पाऊस उघडतो आणि हायवेला हातखंब्याच्या पुढं एखादा ट्रक लाल चिखलाचा फवारा काचेवर मारून जातो, तेव्हा लागतो. नुसता वायपर फिरवला तर चिखल काचभर पसरतो आणि दोन क्षण पुढचं काहीच दिसत नाही. आरे-वारेच्या समुद्रालगतच्या रस्त्यानं संध्याकाळी सूर्य समोर असला, की काचेवरचं मीठही तसंच आंधळं करतं.

तारे बदला असं म्हणायला हे लिहिलेलं नाही. रविवार सोडून कधीही सकाळी नऊला या, तुमची गाडी पहिली घेईन आणि मीटर मी स्वतः तुमच्यासमोर लावीन. आमच्यावर विश्वास उरला नसेल, तर कुठल्याही वायरमनला वर लिहिलंय तसं मोजायला सांगा. त्याची मजुरी मी देईन. एवढंच करा, येईपर्यंत तो कपलर काढून-लावून बघू नका. पुन्हा आठ दिवस चालेल आणि दोष लपून राहील. आहे तशीच गाडी आणा.