सीओपीडी आणि ‘2 लिटरच्या वर नको’

सीओपीडी, म्हणजे फुप्फुसातल्या हवेच्या वाटा अरुंद होण्याचा जुनाट आजार, याबद्दल नर्सिंगच्या विद्यार्थ्यांमध्ये एक मेसेज वर्षानुवर्षं फिरतोय. त्यात थोडक्यात असं म्हटलंय: ‘सीओपीडीच्या पेशंटचा श्वास रक्तात ऑक्सिजन कमी असल्यामुळेच चालतो, जास्त दिला की थांबतो. म्हणून मिनिटाला 2 लिटरच्या वर कधीही जाऊ नका. सॅच्युरेशन (रक्तातलं हिमोग्लोबिन किती टक्के ऑक्सिजनने भरलंय तो आकडा) चांगलं दिसलं की काळजी मिटली. चुकून जास्त दिला गेलाच तर ताबडतोब काढून टाका.’ पाठ करायला सोपं आहे, म्हणून टिकलंय. पण चारही वाक्यं कुठे ना कुठे घसरतात. ज्या धोक्याची भीती घातली आहे तो धोका मात्र खरा आहे, म्हणून नुसतं ‘हे चूक’ म्हणून सोडता येत नाही.

आधी श्वास थांबण्याचं बघू. निरोगी माणसाचा श्वास मुख्यतः रक्तातल्या कार्बन डायऑक्साइडच्या इशाऱ्यावर चालतो. ज्याच्या रक्तात तो कायमच चढलेला असतो त्याचा मेंदू त्याला सरावतो, मग श्वासाची सूत्रं कमी ऑक्सिजनच्या हाती जातात, असा हा तर्क. 1980 साली ऑबिए या संशोधकाने आणि सहकाऱ्यांनी तो तपासून पाहिला. श्वसन खालावलेल्या 22 सीओपीडी रुग्णांना 15 मिनिटं 100 टक्के ऑक्सिजन दिला. श्वसन सुरुवातीला मंदावलं, पण 15 मिनिटांअखेर दर मिनिटाला आत-बाहेर होणारी हवा मूळच्या सुमारे 93 टक्क्यांवर परत आली होती. तरीही रक्तातल्या कार्बन डायऑक्साइडचा दाब सरासरी 23 मिलिमीटर पाऱ्याने वर गेला होता. श्वास जवळपास पूर्वीइतकाच, आणि वायू साचतोच आहे!

तो साचतो याची मोठी कारणं दुसरीच आहेत. फुप्फुसाच्या ज्या भागात हवा नीट पोहोचत नाही, तिथल्या रक्तवाहिन्या आकसतात आणि रक्त चांगल्या भागाकडे वळतं. शरीराने केलेली ही सोय आहे. भरमसाट ऑक्सिजन दिला की त्या वाहिन्या पुन्हा उघडतात आणि रक्त अशा भागातून फिरून येतं जिथे कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकायची सोयच नाही. शिवाय ऑक्सिजनने भरलेलं हिमोग्लोबिन कार्बन डायऑक्साइड धरून ठेवत नाही, सोडून देतं. याला हाल्डेन परिणाम म्हणतात. श्वासाची प्रेरणा थोडी कमी होते हेही खरं, पण सगळा दोष तिच्यावर टाकता येत नाही.

ही पुस्तकी बारीकी वाटेल, पण ड्यूटीवर तिच्यामुळेच फरक पडतो. ‘श्वास थांबतो’ एवढंच डोक्यात असलं की विद्यार्थी श्वासाची गती घटण्याची वाट बघत बसतो. गती मिनिटाला 26 असते, चार्टवर 26 लिहिलं जातं, आणि पेशंट तेवढ्यात साचलेल्या कार्बन डायऑक्साइडमुळे गुंगीत गेलेला असतो.

आता ते 2 लिटर. लिटर हा वाहण्याचा वेग आहे, पेशंटला मिळणारा डोस नव्हे. नेझल कॅन्युलाने (नाकात बसवायच्या नळीने) 2 लिटरला कागदावर साधारण 28 टक्के ऑक्सिजन मिळतो. पण धापा टाकणारा माणूस खोलीतली हवाही जोरात ओढतो, त्यामुळे प्रत्यक्षातला आकडा श्वासागणिक बदलतो. व्हेंचुरी मास्कच्या (ठरावीक टक्के ऑक्सिजन देणाऱ्या मास्कच्या) व्हॉल्ववर टक्के आणि लागणारे लिटर दोन्ही छापलेले असतात, ते वाचा. 24 टक्क्यांच्या व्हॉल्वला साधारण 2 लिटर लागतात, 28 टक्क्यांच्या व्हॉल्वला 4. या दुसऱ्या व्हॉल्ववर घाबरून फ्लोमीटरची गोळी 2 वर आणली, तर मास्कमध्ये एकूण हवाच कमी पडते आणि पेशंट कडेने बाहेरची हवा ओढून घेतो. साध्या फेस मास्कवर तर मेसेजचा नियम उलटाच अंगाशी येतो. त्याला किमान 5 लिटर लागतात, त्याहून कमी ठेवले तर सोडलेला श्वास मास्कमध्ये राहून पुन्हा आत जातो. म्हणजे जो वायू साचू नये म्हणून हात आखडला, तोच परत पाजला.

मग धरायचं काय? सॅच्युरेशनचं लक्ष्य. कार्बन डायऑक्साइड साचण्याचा धोका असलेल्यांसाठी ब्रिटिश थोरॅसिक सोसायटीच्या मार्गदर्शक सूचना 88 ते 92 टक्के सांगतात, इतर बहुतेक रुग्णांसाठी 94 ते 98. या अरुंद पट्ट्यामागे पुरावा आहे. टास्मानियात रुग्णवाहिकेतल्या 405 रुग्णांवर झालेला एक अभ्यास 2010 साली प्रसिद्ध झाला. एका गटाला सर्रास जास्त ऑक्सिजन दिला, दुसऱ्याला 88 ते 92 च्या हिशेबाने मोजून. पहिल्या गटात 9 टक्के मृत्यू झाले, दुसऱ्यात 4 टक्के. म्हणजे जास्तीचा ऑक्सिजन जीव घेऊ शकतो, इथपर्यंत मेसेज बरोबर आहे. पण सॅच्युरेशन 78 असलेल्या पेशंटला 2 लिटरवर अडवून ठेवणं हा त्यावरचा उपाय नाही. ऑर्डरप्रमाणे वाढवा, डॉक्टरांना बोलवा, 88 गाठा. ऑक्सिजनअभावी माणूस कार्बन डायऑक्साइडपेक्षा लवकर दगावतो. (जुन्या प्रश्नसंचात ‘1 ते 2 लिटर’ हेच उत्तर छापलेलं असतं. परीक्षेत खूण तिथे करायची तर करा, ते बेडजवळ नेऊ नका.)

‘सॅच्युरेशन चांगलं म्हणजे काळजी मिटली’ हे वाक्य मला सगळ्यात घातक वाटतं. पल्स ऑक्सिमीटरला कार्बन डायऑक्साइड दिसतच नाही. ऑक्सिजन चालू असलेल्या अशा पेशंटचं सॅच्युरेशन 97 दिसलं तर ती धोक्याची खूण समजा. पेशंटकडे बघा. सकाळपासून डोकं दुखतंय म्हणतो का? हात गरम, चेहरा लालसर, नाडी ठणठणीत उडते का? दोन्ही हात पुढे करून मनगटं वर वळवून धरायला सांगा. तसे धरलेले पंजे झटक्याने खाली पडून पुन्हा वर येत असतील तर लगेच कळवा, एबीजी (धमनीतल्या रक्तातल्या वायूंची तपासणी) लागणार. रात्रभर धाप लागून बसलेला पेशंट अचानक शांत झोपला, तर चार्टवर ‘आराम पडला’ लिहिण्याआधी त्याला हाक मारून उठवा. हाकेला ओ देतो का, उत्तर सुसंगत आहे का, हे बघून मगच पेन उचला.

नेबुलायझरचं (औषधाचे बारीक तुषार करून श्वासातून देणाऱ्या उपकरणाचं) तर मेसेजमध्ये नावही नाही. दिवसभर 2 लिटर जपायचे आणि नेबुलायझर मात्र ऑक्सिजनवर, 6 ते 8 लिटरने लावायचा, हे नेहमी घडतं. अशा पेशंटला तो शक्यतो हवेच्या कॉम्प्रेसरवर द्यावा आणि सोबत कॅन्युलाने ऑक्सिजन चालू ठेवावा.

राहिलं ‘ताबडतोब काढून टाका’. हे मुळीच करू नका. शरीरात ऑक्सिजनचा साठा अगदी थोडा असतो आणि कार्बन डायऑक्साइडचा भरपूर. मास्क काढताच ऑक्सिजन मिनिटांत संपतो, साचलेला कार्बन डायऑक्साइड मात्र फुप्फुसातली जागा अडवून बसलेला असतो. परिणामी सॅच्युरेशन ऑक्सिजन सुरू करण्याआधी होतं त्याच्याही खाली जाऊ शकतं. अशा वेळी 28 किंवा 24 टक्क्यांच्या व्हेंचुरीवर उतरवून 88 ते 92 मध्ये आणतात, 30 ते 60 मिनिटांनी एबीजी पुन्हा करतात. रक्ताची आम्लता दाखवणारा पीएच 7.35 च्या खाली राहिला आणि कार्बन डायऑक्साइड चढलेलाच असला, तर डॉक्टर मास्कने श्वासाला आधार देणाऱ्या यंत्राचा विचार करतात. तेव्हा मशीन आणि योग्य मापाचा मास्क आधीच बेडजवळ आणून ठेवा.