'सगळं यूटीसीत ठेवा, रिप्लिकेशनचं टेस्टिंग विसरा' : या सल्ल्याला माझं उत्तर

डेटाबेसवाल्यांच्या ग्रुपांमध्ये एक सल्ला फिरत असतो, वेळ कशी साठवायची आणि रिप्लिकेशन, म्हणजे एका सर्व्हरवरचे बदल दुसऱ्यावर आपोआप उतरवणं, कसं तपासायचं याचा. शब्द इकडेतिकडे बदलतात, मुद्दे तेच चार. एक, सर्व्हर यूटीसीवर, म्हणजे ग्रिनिचला धरलेल्या जागतिक वेळेवर ठेवा, सगळं यूटीसीत साठवा, विषय संपला. दोन, रो-बेस्ड रिप्लिकेशनमध्ये, म्हणजे बदललेल्या ओळीच पाठवायच्या पद्धतीत, टाइम झोनचा प्रश्नच येत नाही. तीन, भारतात घड्याळ मागेपुढे होत नाही, ती डोकेदुखी अमेरिकेची. चार, दोन्ही सर्व्हरवर सिलेक्ट मारा, म्हणजे डेटा वाचून बघा, वेळ सारखी दिसली की टेस्टिंग झालं.

माझं पोट मायएसक्यूएल या डेटाबेसवर चालतं, त्यामुळे उदाहरणं बहुतेक तिथलीच देतो. आणि चौथ्या मुद्द्यापासून सुरुवात करतो, कारण बाकीचे तीन अर्धवट खरे तरी आहेत. हा सरळ उलटा आहे.

मायएसक्यूएलमध्ये वेळ ठेवायचे मुख्य प्रकार दोन. टाइमस्टॅम्प आत यूटीसीत साठवला जातो. लिहिताना सेशनच्या, म्हणजे त्या जोडणीच्या, झोनमधून यूटीसीत, वाचताना यूटीसीतून पुन्हा सेशनच्या झोनमध्ये. डेटटाइम मात्र दिलेले आकडे जसेच्या तसे ठेवतो, ते कुठल्या गावचे हे विचारत नाही. लिहिलं जातं त्या सर्व्हरला प्रायमरी म्हणतात, तिची नक्कल ठेवतो तो रेप्लिका. प्रायमरी आपले बदल बिनलॉग नावाच्या फायलीत नोंदते, रेप्लिका ते वाचून आपल्याकडे करते. स्टेटमेंट पद्धतीत त्या फायलीत मूळ आज्ञाच जाते. आता समजा प्रायमरी भारतीय वेळेवर आहे, रेप्लिका यूटीसीवर आहे, बिनलॉग स्टेटमेंट पद्धतीचा आहे आणि दोन्हीकडे टाइम झोनची सेटिंग 'सिस्टिम' आहे, म्हणजे मशीनचा जो असेल तो. प्रायमरीवर कोणीतरी टाइमस्टॅम्प कॉलममध्ये '२०२५-०४-०१ ००:००:००' टाकलं. बिनलॉगमध्ये त्या स्टेटमेंटसोबत झोनही जातो, पण 'एशिया/कोलकाता' म्हणून नाही, 'सिस्टिम' म्हणून. रेप्लिका तो शब्द वाचते आणि सिस्टिम म्हणजे आपलीच असं धरून चालते.

आता दोन्हीकडे सिलेक्ट मारा. दोन्हीकडे १ एप्रिलची मध्यरात्र दिसेल, हुबेहूब. सल्ल्याप्रमाणे टेस्ट पास. मग त्याच कॉलमला युनिक्स_टाइमस्टॅम्प() लावून, म्हणजे १९७० च्या सुरुवातीपासूनचे सेकंद मागून बघा. प्रायमरीवर १७४३४४५८००, रेप्लिकावर १७४३४६५६००. वजाबाकी १९,८०० सेकंद, म्हणजे बरोबर साडेपाच तास. दिसायला सारखं, आतून वेगळं. उलट जी रो नीट पोचली आहे ती या दोन सर्व्हरवर वेगवेगळी दिसणार, आणि 'डेटा जुळत नाही' म्हणून तिचंच तिकीट उघडलं जाणार. मी अशी तिकिटं बंद केली आहेत.

आत्ताची वेळ देणारं नाऊ() वापरलं तर बिनलॉगमध्ये त्या क्षणाचा टाइमस्टॅम्प सोबत जातो, म्हणून ते सुरक्षित, असं सांगतात. क्षण सारखा जातो हे खरं. पण तो डेटटाइम कॉलममध्ये पडताना आकड्यांत उतरतो तो पुन्हा त्या-त्या सर्व्हरच्या झोनप्रमाणे. प्रायमरीवर १ एप्रिल ००:००, रेप्लिकावर ३१ मार्च १८:३०. रिपोर्ट रेप्लिकावरून निघत असतील तर ते बिल मागच्या आर्थिक वर्षात गेलं, आणि अकाउंट्सवाल्यांना हे समजावत बसायचं काम तुमचं. तेच काम करणारं सिसडेट() तर बिनलॉगमधला क्षणही बघत नाही, रेप्लिकाचं स्वतःचं घड्याळ बघतं.

दुसऱ्या मुद्द्यावर लोक इथे म्हणतील, 'स्टेटमेंट पद्धत आता वापरतं कोण?' ५.७.७ पासून रो पद्धतच डीफॉल्ट आहे. मान्य. रो पद्धतीत इन्सर्ट, अपडेट, डिलीटमधली मूल्यं तयार होऊन जातात, टाइमस्टॅम्प यूटीसीतच जातो, वरचा घोळ होत नाही. पण टेबलाची रचना बदलणारं ऑल्टर टेबल कधीच रो म्हणून जात नाही. डीडीएल, म्हणजे रचनेच्या आज्ञा, नेहमी स्टेटमेंट म्हणूनच जातं.

हे मी कसं शिकलो ते सांगतो. एका जुन्या नोकरीत आमच्या एका टेबलात कर्जाच्या शेवटच्या हप्त्याची वेळ टाइमस्टॅम्पमध्ये होती. टाइमस्टॅम्पची मर्यादा १९ जानेवारी २०३८, यूटीसी ०३:१४:०७. वीस वर्षांचं गृहकर्ज कधीच तिच्या पलीकडे गेलेलं. म्हणून कॉलम डेटटाइम करायचा ठरला आणि टेबलातले बाकीचे टाइमस्टॅम्प कॉलमही त्याच ऑल्टरमध्ये उरकून घेतले. टाइमस्टॅम्पचा डेटटाइम होताना आतली यूटीसी वेळ सेशनच्या झोनमध्ये बदलून आकड्यांत उतरते. हे काम प्रायमरीवर झालं तसं रेप्लिकावरही तिथल्या तिथे पुन्हा झालं. सेटिंग दोन्हीकडे 'सिस्टिम'. प्रायमरी भारतीय वेळेवर. रेप्लिका मात्र कोणीतरी असाच एखादा सल्ला वाचून यूटीसीवर उभी केलेली. संपूर्ण टेबल साडेपाच तास मागे.

रिप्लिकेशन तुटलं का? नाही, आणि खरी गोम तीच. टेबलाला प्रायमरी की, म्हणजे प्रत्येक ओळीची वेगळी ओळख, असली की रेप्लिका रो शोधते ती कीवरून, बाकीचे कॉलम जुळतात का हे बघत नाही. आणि रो इमेज, म्हणजे बिनलॉगमध्ये जाणारी ओळीची नक्कल, पूर्ण असेल, जी डीफॉल्ट तशीच असते, तर प्रायमरीवर एखादी रो अपडेट झाली की रेप्लिकावर तिचे सगळे कॉलम नव्याने लिहिले जातात. त्यामुळे ज्या ग्राहकाची नोंद नंतर कोणी हलवली ती आपोआप दुरुस्त झाली, बाकीच्या चुकीच्याच राहिल्या. महिनाभराने निम्मं टेबल बरोबर आणि निम्मं चूक. अशा टेबलावर सरसकट साडेपाच तास मिळवून टाकायचीही सोय राहत नाही. शेवटी रेप्लिका पुन्हा उभी केली.

रो पद्धतीतून डेटा मायएसक्यूएलबाहेर जात असेल तर आणखी एक पायरी तपासायची. बिनलॉग वाचून बदल दुसऱ्या सिस्टिमांना पुरवणारं डेबेझियम टाइमस्टॅम्प कॉलम यूटीसीतल्या मजकुराच्या रूपात पाठवतं. डेटटाइमचा मात्र आकडा करून पाठवतं, आणि तो करताना आतली वेळ जणू यूटीसीच आहे असं धरतं. पलीकडच्याला तो आकडा युनिक्स वेळेसारखा दिसतो, तो भारतीय वेळेत दाखवायला साडेपाच तास मिळवतो, आणि संध्याकाळी सातची ऑर्डर रात्री साडेबाराची होते. तीही दुसऱ्या दिवसाची.

'भारतात घड्याळ मागेपुढे होत नाही.' आज होत नाही. १ सप्टेंबर १९४२ पासून १९४५ च्या ऑक्टोबरपर्यंत ते एक तास पुढे होतं, ग्रिनिचच्या साडेसहा तास पुढे, आणि झोन डेटाबेसमध्ये, म्हणजे जगभरच्या झोनचे नियम जमवलेल्या संग्रहात, 'एशिया/कोलकाता'च्या नियमांत ते आजही नोंदलेलं आहे. मुंबईत तर ग्रिनिचच्या ४ तास ५१ मिनिटं पुढे असलेली बॉम्बे टाइम १९५५ पर्यंत चालत होती, जिचा झोन डेटाबेसमध्ये वेगळा झोनच नाही. जुन्या नोंदी डिजिटल करणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवावं, बाकीच्यांनी सोडून द्यावं.

रोजच्या कामात आपली गोची डेलाइट सेव्हिंगची, म्हणजे घड्याळ मागेपुढे करण्याची, नाही, त्या अर्ध्या तासाची आहे आणि साडेपाचची आहे. आपली मध्यरात्र म्हणजे यूटीसीत आदल्या दिवशीचे १८:३०. एखाद्या टेबलात रांगेने १८:३०:०० दिसायला लागले की ओळखावं, कोणीतरी नुसत्या तारखेला वेळ समजून झोन बदलला आहे. लोकांच्या जन्मतारखा एक दिवस अलीकडे सरकतात त्या अशाच. आणि यूटीसीचा दिवस आपल्याकडे पहाटे साडेपाचला बदलतो. यूटीसीवरच्या रेप्लिकावर तारीख काढणारं नुसतं डेट() लावून दिवसाची बेरीज काढली तर मध्यरात्रीपासून पहाटे साडेपाचपर्यंतची सगळी विक्री कालच्या खात्यात जाते. पुण्यात बसून अमेरिकेतल्या क्लायंटचे डेटाबेस सांभाळणारे तर हजारोंनी आहेत, त्यांना ती 'अमेरिकेची डोकेदुखी' पगारासोबतच मिळते. २ नोव्हेंबर २०२५ ला न्यूयॉर्कमध्ये घड्याळ तासभर मागे घेतल्यामुळे पहाटेचा दीड दोनदा वाजला. युनिक्स वेळ १७६२०६१४०० आणि १७६२०६५०००, दोन्हींचा मजकूर एकच. तो मजकूर टाइमस्टॅम्पमध्ये परत घालायला गेलात तर दोनपैकी एक क्षण कायमचा हरवतो.

राहिला पहिला मुद्दा. घडून गेलेल्या गोष्टीची वेळ यूटीसीत ठेवा, याबद्दल माझं काही म्हणणं नाही. मीही तेच करतो. पण 'सगळं' म्हटलं की त्यात पुढच्या अपॉइंटमेंटही आल्या. कझाकस्तानने १ मार्च २०२४ पासून सगळा देश यूटीसीच्या पाच तास पुढे आणला. अल्माटी आधी सहा तास पुढे होतं. डिसेंबरमध्ये कोणी ५ मार्चची सकाळी दहाची वेळ यूटीसी ०४:०० म्हणून साठवली असेल, तर मार्चमध्ये ती नऊ वाजता दिसणार. डॉक्टर दहालाच येणार. अशा वेळी स्थानिक वेळ आणि झोनचं नाव दोन्ही साठवावं लागतं आणि यूटीसी त्यावरून काढावी लागते.

म्हणजे आता झोनचे नियम प्रायमरी आणि रेप्लिका दोन्हीकडे एकाच आवृत्तीचे हवेत. मायएसक्यूएल हे नियम स्वतःच्या टेबलांतून वाचतं आणि ती वेगळी भरावी लागतात. ऑपरेटिंग सिस्टिम अपडेट केली म्हणून ती ताजी होत नाहीत. भरलीच नसतील तर झोन बदलून देणारं कन्व्हर्ट_टीझेड() झोनच्या नावाला गुपचूप नल, म्हणजे रिकामं उत्तर, देतं, आणि स्टेटमेंटसोबत नाव आलं तर रेप्लिका एरर १२९८ देऊन थांबते. थांबली तर नशीब. जुने नियम असलेली रेप्लिका थांबत नाही, जुनंच उत्तर देत राहते. लेबनॉनने मार्च २०२३ मध्ये घड्याळं पुढे करायचं ऐनवेळी लांबवलं आणि काही दिवसांत तो निर्णय फिरवला. झोन डेटाबेसच्या २०२३बी आणि २०२३सी या दोन आवृत्त्या त्यापायी पाठोपाठ निघाल्या. मधली आवृत्ती एकाच सर्व्हरवर राहून गेली असेल तर तो फरक डेटा जुळतो का हे बघणारं कुठलंही चेकसम दाखवणार नाही, कारण साठवलेला डेटा दोन्हीकडे सारखाच असतो.

मी टेस्टिंग कसं करतो? दोन्ही टोकं यूटीसीवर ठेवून कधीच नाही. तशाने चुका एकमेकींना खाऊन टाकतात आणि सगळं हिरवं दिसतं. प्रायमरी कोलकात्याच्या झोनवर, आणि रेप्लिकाच्या मशीनला न्यूझीलंडच्या चॅटम बेटांचा झोन देतो. तिथली वेळ यूटीसीच्या पावणेतेरा तास पुढे, उन्हाळ्यात पावणेचौदा. आपल्याशी फरक सव्वासात किंवा सव्वाआठ तासांचा. साडेपाच तासांचा फरक कुठूनही येऊ शकतो, सव्वाआठचा दुसरीकडून येत नाही. घड्याळ न हलवता वेळ बदलायला सेशनचा टाइमस्टॅम्प व्हेरिएबल सेट करता येतो. मी त्यात १७४३४४५८०० आणि न्यूयॉर्कचे ते दोन आकडे घालतो. मग इन्सर्ट, नाऊ(), सेकंदांवरून वेळ काढणारं फ्रॉम_युनिक्सटाइम(), आणि एक ऑल्टर, न विसरता. तुलना करताना दोन्हीकडे सेशनचा झोन '+००:००' करून घेतो. टाइमस्टॅम्प कॉलम युनिक्स सेकंदांत जुळवतो, डेटटाइम कॉलम अक्षर न् अक्षर.

नव्या टीममध्ये गेलो की स्टेजिंगवर, म्हणजे चाचणीच्या सर्व्हरांवर, पहिल्यांदा हे लावतो. दर वेळी कोणीतरी विचारतंच, 'सर, ही रेप्लिका न्यूझीलंडला कोणी नेली?'