शंभर टक्के प्रतिसाद कसा मिळवावा

किती घरांतलं कुणी गोव्याला कामाला आहे, हे मोजणाऱ्या एका सर्वेक्षणाचा तक्ता परवा तपासणीला आला. बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातली 400 घरं, प्रतिसाद शंभर टक्के. एक कुलूप नाही की एक नकार नाही! तुम्हालाही असं यश हवं असेल, तर कृती सोपी आहे.

सकाळी अकराला निघा, एकला परत या. रोपलावणीचे दिवस असतील तर उत्तम.

फॉर्म फक्त कन्नडमधला न्या. समोरची म्हातारी गोंधळली की खुशाल ‘नकार’ लिहा. ‘भाषेची अडचण’ हा वेगळा कोड छापलाय खरा, पण तो शोधत कोण बसणार?

ओस पडलेलं घर आणि कुलूप लावून कामाला गेलेलं घर एकच धरा.

नमुना कमी पडला? 400 चे 600 करा. घरी सापडणारीच माणसं दीडपट सापडतील.

आता रामबाण उपाय. कुलूप दिसलं की शेजारचं दार वाजवा. शेजारी घरी आहे, हाच त्याचा गुण! समजा, 400 पैकी 240 घरं उघडी मिळाली आणि त्यातल्या 60 घरांतलं कुणीतरी गोव्याला कामाला आहे. म्हणजे 25 टक्के. उरलेल्या 160 च्या जागी शेजारी भरा, आकडा साधारण 25 च राहील. संगणकवाल्यानं उघड्या घरांना सरसकट 1.67 वजन लावलं, म्हणजे एकेक घर 1.67 घरांइतकं मोजलं, तरी 25 च. अहो, ज्या घराला कुलूप आहे त्या घरातली माणसंच गोव्याला गेलीत ना! मोजायचं होतं तेच गाळून कसलं सर्वेक्षण करता? हॅन्सेन आणि हर्विट्झ या संख्याशास्त्रज्ञांनी 1946 सालीच वाट दाखवून ठेवलीय: न मिळालेल्या 160 मधून चिठ्ठ्या टाकून 40 घरं निवडा आणि तेवढ्यांचा पिच्छा पुरवा. त्या 40 पैकी 24 घरांतलं कुणी गोव्याला गेलेलं निघालं, तर 160 मधून 40 निवडल्यामुळं प्रत्येक घराचं वजन 4, म्हणजे 96 घरं. त्यात आधीची 60 मिळवा: 400 पैकी 156, म्हणजे 39 टक्के. पंचवीस कुठे, एकोणचाळीस कुठे! पण ते 40 मात्र खरोखर गाठावे लागतात. तिथंही शेजारी घुसवलात तर सगळं मुसळ केरात.

पुरे झाली थट्टा. पैसे तीन फेऱ्यांचे घेता, तर तीन फेऱ्या मारा. एक सकाळी सातच्या आत, एक दिवेलागणीनंतर, एक रविवारी. मराठी फॉर्म पिशवीत ठेवा, मराठी बोलणारं माणूस सोबत न्या. कुलूप असेल तर कुलूप लिहा, हाकललं असेल तर हाकललं लिहा. वजन लावायचंच तर गाव नि वस्ती बघून गटवार लावा. साठ टक्के प्रतिसाद आला तर साठ लिहायला लाज कसली? लाज शंभर लिहिताना वाटायला हवी होती.

तो तक्ता परत पाठवलाय. 400 घरांपुढं प्रत्येक फेरीची तारीख नि वेळ लिहून आणा.