विणीच्या हंगामात नर का मारता? एका प्रतिक्रियेला उत्तर

ताई, नमस्कार.

अमेरिकेत, नेब्रास्का राज्याच्या गवताळ माळापासून शेजारच्या साउथ डकोटातल्या ब्लॅक हिल्सच्या डोंगरांपर्यंत जंगली टर्कीच्या शिकारीला गेलो होतो, त्यावरच्या माझ्या लेखावर तुम्ही सणसणीत प्रतिक्रिया दिलीत. इतर वाचकांसाठी ती थोडक्यात सांगतो. मोरासारखा पिसारा फुलवणारा पक्षी, तोही ऐन विणीच्या हंगामात, मादीचा खोटा आवाज काढून जवळ बोलवायचा आणि गोळी घालायची, याला तुम्ही भेकडपणा म्हणता. ‘शिकारीमुळेच पक्षी वाचतात’ ही बंदूकवाल्यांची जाहिरात आहे, असं तुमचं मत. ते डोंगर मुळात कोणाचे आहेत हे तरी ठाऊक आहे का, असं विचारलंत. आणि शेवटी टोला: मांस दुकानात मिळत असताना हा उद्योग कशाला, आणि मारलात तो निदान खाल्लात तरी का?

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. मी पक्षी वाचवायला शिकारीला जात नाही. मला आवडतं म्हणून जातो. पक्षी मारणं बरोबर की चूक, हा एक प्रश्न; त्याचं उत्तर मी माझ्यापुरतं दिलंय, तुमचं वेगळं असू शकतं आणि त्यावर वाद घालून कोणी कोणाचं मत बदलेल असं मला वाटत नाही. त्या शिकारीने पक्ष्यांची संख्या घटते का, हा दुसरा प्रश्न, आणि तो मोजून तपासता येतो. तुम्ही पहिल्याचा राग दुसऱ्यावर काढलाय. इथले, म्हणजे अमेरिकेतले, बरेच शिकारी उलट करतात, दुसऱ्याचं उत्तर पुढे करून पहिला टाळतात. मला दोन्ही पटत नाही.

मोराची उपमा मात्र छान दिलीत. जहांगीर बादशहालाही तीच सुचली होती. 1612 मध्ये त्याच्या मुकर्रबखान या सरदाराने गोव्याहून, म्हणजे पोर्तुगीजांकडून, काही अजब प्राणी-पक्षी आणले, त्यात टर्की होता. हा लांडोरीपेक्षा मोठा नि मोरापेक्षा लहान, माजावर आला की मोरासारखा पिसारा पसरतो, आणि डोक्या-मानेचा रंग सारखा बदलतो, कधी पोवळ्यासारखा लाल, कधी कापसासारखा पांढरा, कधी पिरोजी, असं बादशहाने आपल्या आठवणींत नोंदवलंय. त्याचा दरबारी चित्रकार उस्ताद मन्सूर याने काढलेलं टर्कीचं चित्र लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे. बादशहाचं ते वर्णन आजही तंतोतंत लागू आहे. (बादशहा स्वतः अट्टल शिकारी होता, ते सोडून द्या.)

आता विणीचा हंगाम. तुमचा हा आक्षेप ऐकायला बिनतोड वाटतो, पण टर्कीचा संसार कसा चालतो ते बघा. एक नर अनेक माद्यांशी जुगतो आणि तिथे त्याचा संबंध संपतो. घरटं मादी एकटी करते, जमिनीवर, गवतात किंवा झुडपाच्या बुडाशी. दहा-बारा अंडी ती एकटी 28 दिवस उबवते, पिलंही एकटीच फिरवते. नर ना तिला भरवतो, ना राखण करतो. आपल्याकडच्या धनेशासारखं असतं, मादी ढोलीत लिंपून घेतलेली आणि नर बाहेरून चोचीने भरवतोय, तर या दिवसांत नर मारणं म्हणजे अख्खं बिऱ्हाड संपवणं झालं असतं. तेव्हा मी तुमच्या बाजूने भांडलो असतो.

म्हणून वसंतातला परवाना दाढीवाल्या पक्ष्याचाच मिळतो. दाढी म्हणजे छातीवरून लोंबणारा राठ झुपका. दिसायला केस, पण असतात ती पिसंच. थोड्या माद्यांनाही ती असते आणि नेब्रास्काच्या कायद्यात त्या बसतातही, पण माझ्या ओळखीतले बहुतेक शिकारी त्यांना सोडून देतात. बंदुकीचा हंगाम एप्रिलच्या मध्यावर सुरू होतो, तोवर बरंचसं जुगणं उरकलेलं असावं हा हिशोब. तुम्हाला आक्षेपच घ्यायचा असेल तर शरद ऋतूतल्या शिकारीवर घ्या. तेव्हा अनेक ठिकाणी मादीही मारता येते, आणि एक मादी गेली की पुढच्या वर्षीचं एक घरटं गेलं. कॅन्सस राज्याने 2023 पासून शरदातला हंगाम बंदच केला. मला विचाराल तर तो आधीच बंद व्हायला हवा होता.

या हिशोबात एक फट आहे, तीही तुमच्या हाती देतो. जॉर्जिया विद्यापीठातले मायकल चेंबरलेन आणि इतर संशोधक बरीच वर्षं म्हणताहेत की हंगाम फार लवकर उघडला तर दांडगे, माद्यांनी पसंत केलेले नर जुगणं पुरं होण्याआधीच मारले जातात आणि सगळी घडी विस्कटते. जॉर्जियासह काही राज्यांनी तारखा पुढे ढकलल्या. टेनेसीने काही काउंट्यांत (जिल्ह्यांत) हंगाम 2 आठवडे उशिरा सुरू करून पाहिला, पण घरटी यशस्वी होण्याच्या प्रमाणात फरक दिसला नाही. बहुतेक घरटी तशीही बुडतात. रॅकून, स्कंक, कोयोटी, साप यांना अंडी मिळतात. पिलांना पहिले काही दिवस उडता येत नाही, त्यात थंड पावसाची झड आली की संपलंच. नेब्रास्कातही पक्षी पूर्वीपेक्षा कमी झालेत. म्हणून तिथे 2024 पासून बाहेरच्या राज्यातल्या लोकांसाठी वसंतातले फक्त 10,000 परवाने ठेवले. त्यावर इथल्या शिकाऱ्यांनी केलेली कुरकुर तुम्ही ऐकली असतीत तर तुम्हाला हसू आलं असतं. माझा त्या मर्यादेला पाठिंबा आहे.

खोट्या आवाजाबद्दल. हो, ती फसवणूकच आहे, त्यात लपवण्यासारखं काही नाही. लाकडी पेटीचं झाकण घासून, पाटीच्या गोल चकतीवर काडी फिरवून किंवा जिभेखाली नव्हे, टाळूला पातळ पडदा लावून मादीचा आवाज काढतात. गंमत अशी की निसर्गात नर ओरडतो आणि मादी चालत त्याच्याकडे जाते. आपण उलटी गंगा वाहवायला बसलेलो असतो. तो शंभर पावलांवर थांबतो, पिसारा फुलवतो, आणि ‘मी आहे, ये’ म्हणून वाट बघत राहतो. माद्या सोबत असल्या तर तो ढुंकूनही बघत नाही.

माळावर हे फार जाणवतं. नायोब्रारा नदीच्या काठाला कॉटनवुडची झाडं आहेत, रात्री पक्षी त्यावर बसतात आणि उजाडताना उतरून उघड्या गवतात येतात. तिथून त्याला लांबवर दिसतं. आवाज आला पण मादी दिसत नाही, म्हणजे काहीतरी गडबड आहे, हे त्याला कळतं. डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना, मान जराशी वळवली की सगळीकडचं दिसतं, रंगही उत्तम कळतात. तुम्ही नाक खाजवलंत की सकाळ फुकट. शिवाय माळ बहुतेक खाजगी, रँचच्या मालकाच्या दारात जाऊन परवानगी मागायची, नाही म्हणाला तर टोपी काढून परत यायचं.

पश्चिमेला शॅड्रन आणि क्रॉफर्डकडे गेलं की पाइन रिजचे कडे सुरू होतात, पाँडेरोसा पाईनची रानं लागतात आणि बरीचशी जमीन सरकारी वनाची आहे. ब्लॅक हिल्समध्ये तर एप्रिलअखेर गुडघाभर बर्फही पडू शकतो. जसा बर्फ वितळत जातो तसे पक्षी वर सरकतात. घळीत आवाज घुमतो, तो पलीकडच्या धारेवर आहे की पायाखालच्या नाल्यात, कळत नाही. आणि आवाजाच्या दिशेने सरपटत जायचं नाही हा पहिला नियम, कारण तो आवाज दुसऱ्या शिकाऱ्याने काढलेला असू शकतो. लाल, पांढरा, निळा कपडाही अंगावर नको; जहांगिराचे तेच तीन रंग. छर्रे डोक्यावर-मानेवर बसले पाहिजेत, म्हणून चाळीस यार्डांच्या आतच बार टाकायचा आणि पिसारा फुललेला असताना नाही, मान ताठ केल्यावर. भेकडपणा म्हणा हवं तर. सोपं म्हणू नका.

जाहिरातीच्या मुद्द्यावर तुम्ही अर्ध्या बरोबर आहात. टर्की संपत आला तो शिकारीनेच, बाजारात विकण्यासाठी केलेल्या अमर्याद शिकारीने, आणि जंगलतोडीने. मॅसॅच्युसेट्समधला शेवटचा जंगली टर्की 1851 मध्ये गेला. 1900 च्या लेसी कायद्याने बेकायदा मारलेल्या प्राण्यांचा राज्याराज्यांतला व्यापार थांबवला. 1937 च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्याने शिकारीच्या बंदुका-काडतुसांवरचा 11 टक्के कर राज्यांच्या वन्यजीव खात्यांकडे वळवला. तो पैसा खरा आहे. पण आज त्यातला मोठा भाग अशा बंदुका-काडतुसांतून येतो ज्यांचा शिकारीशी काडीचा संबंध नाही, ही गोष्ट शिकाऱ्यांच्या भाषणांत येत नाही.

मला यातला सगळ्यात रंजक भाग पैशाचा नाही वाटत. आधी बरीच वर्षं लोकांनी पिंजऱ्यात वाढवलेले टर्की रानात सोडले. ते पटापट मेले. आईविना वाढलेल्या पिलाला भक्षकाला भ्यायचं कसं, निजायला झाड कुठलं निवडायचं, हे कोण शिकवणार? मग 1950 च्या दशकात तोफेने जाळं फेकून जंगली थवेच पकडायला सुरुवात झाली, आणि ते पक्षी नव्या रानात सोडल्यावर टिकले. 1973 मध्ये देशभरात पंधरा लाखांच्या आसपास असलेला टर्की पुढे साठ लाखांच्या वर गेला. हे काम राज्यांच्या जीवशास्त्रज्ञांनी केलं. शिकाऱ्यांनी पैसे आणि हात दिले. आपल्याकडे 1972 च्या कायद्याने शिकार बंद आहे आणि तिथल्या परिस्थितीत ते योग्यच आहे. इथली पद्धत तिकडे न्यावी असं मी कुठेच म्हटलेलं नाही.

ब्लॅक हिल्स कोणाचे? लाकोटा या तिथल्या मूळ रहिवासी लोकांचे. ते या डोंगरांना पाहा सापा म्हणतात. अमेरिकी सरकारशी झालेल्या 1868 च्या फोर्ट लॅरमी तहाने ते त्यांच्याकडेच राहणार होते, 1874 मध्ये कस्टर या लष्करी अधिकाऱ्याच्या मोहिमेला सोनं सापडलं आणि 1877 मध्ये ते काढून घेतले गेले. 1980 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही भरपाई देण्याजोगी जप्ती असल्याचं मान्य करून सुमारे साडेदहा कोटी डॉलर देऊ केले. लाकोटांनी ते आजवर घेतलेले नाहीत. त्यांना जमीन हवी आहे. पाइन रिज (नाव तेच, पण वर सांगितलेले कडे नव्हेत) आणि रोजबड या लाकोटांच्या आरक्षित क्षेत्रांत शिकारीला जमातीचा स्वतःचा परवाना लागतो, पण ब्लॅक हिल्सच्या सरकारी वनातला माझा परवाना राज्याचा होता, पैसे राज्याला गेले. यावर माझ्याकडे बचाव नाही, आणि तुमच्या प्रतिक्रियेतला हा मुद्दा मला सगळ्यात वजनदार वाटला. एवढीच भर घालतो की तिथला टर्की मूळचा नाही. 1948 ते 1951 या काळात न्यू मेक्सिको आणि कोलोरॅडोतून आणलेल्या थोड्या पक्ष्यांची ती पिलावळ आहे.

राहिला दुकानाचा प्रश्न. दुकानातला पांढरा टर्की छातीच्या मांसासाठी इतका फुगवलाय की त्याला नैसर्गिकपणे जुगताच येत नाही. त्यांची पैदास कृत्रिम रेतनाने होते. विणीच्या हंगामाची काळजी असलेल्या माणसाने तो पक्षी बिनदिक्कत घ्यावा, हे मला जरा अजब वाटतं.

आणि हो, खाल्ला. जंगली पक्ष्याला चरबी नसते, अख्खा ओव्हनमध्ये घातला तर चामडं होतं. छातीचे पातळ काप करून आलं-लसूण-हळद लावून तव्यावर झटपट परतले. तंगड्यांत काड्यांसारख्या कडक शिरा असतात, म्हणून तंगड्या कुकरमध्ये भरपूर शिट्ट्या करून मऊ होईपर्यंत शिजवल्या, शिरा उपसून टाकल्या आणि मांसाला सुक्या खोबऱ्या-कांद्याचं वाटण आणि मालवणी मसाला लावून सुकं केलं. तिखट जरा चढंच लागतं. शिजवायच्या आधी मांस बोटांनी चाचपून छर्रे काढून घ्यायचे, नाहीतर दात जातो.