पाचगणीने फ्रेडीला काय दिलं? एका प्रतिक्रियेला उत्तर

क्वीन या ब्रिटिश रॉक बँडचा गायक फ्रेडी मर्क्युरी याच्या पाचगणीतल्या शाळकरी दिवसांवर मी गेल्या आठवड्यात लिहिलं. बऱ्याच जणांनी ते आवडल्याचं कळवलं, त्यांचे आभार. त्याच लेखाखाली 'एक लंडनकर' या नावाने एक लांबलचक प्रतिक्रिया आली आहे. तिला तिथेच चार ओळींत उत्तर द्यायला बसलो होतो, पण चार ओळींत भागेना. म्हणून हे वेगळं लिहितोय.

लंडनकर, नमस्कार. आपण माझा लेख शेवटपर्यंत वाचलात, यातच मला समाधान आहे. आपलं म्हणणं ज्यांनी वाचलं नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. शाळेतल्या 'हेक्टिक्स' या बँडचा मुख्य गायक फ्रेडी होता असं मी लिहिलं, ते चूक आहे, असं आपण म्हणता. फ्रेडीने स्वतः आपलं भारतातलं बालपण कधी मिरवलं नाही, मग आपण कशाला मिरवायचं, हा दुसरा मुद्दा. माझा लेख 'स्ट्रॉबेरी आणि टेबललँडचं माहितीपत्रक' वाटतो, हा शेरा. आणि शेवटी हे वाक्य, जे मी जसंच्या तसं उतरवतो: 'पाचगणीने त्याला दिलं काय? हॉस्टेलातली एक कॉट आणि एकटेपणा. गायक घडला तो लंडनमध्ये. पण तुमच्यासारख्यांना कुणीही मोठा झाला की तो आपला वाटायला लागतो.'

पहिली गोष्ट लगेच मान्य करतो, कारण चूक ती चूक. हेक्टिक्समध्ये पुढे उभा राहून गायचा तो ब्रूस मरे. फ्रेडी पियानोवर असायचा, मागून साथीला गायचा. डेरिक ब्रँच गिटारवर, व्हिक्टरी राणा ड्रमवर, आणि फरंग इराणी चहाच्या लाकडी खोक्याला दांडा आणि दोरी लावून केलेल्या 'बेस'वर. मी घाईत एक शब्द चुकीचा लिहिला. मूळ लेखात दुरुस्ती केली आहे. पण या चुकीने माझं म्हणणं कोसळतं असं आपल्याला वाटत असेल, तर तसं होत नाही. उलट ते जास्त पक्कं होतं. पुढे सांगतोच.

आता 'तुमच्यासारख्यांना'. हा शब्द मी दोन दिवस डोक्यातून काढू शकलो नाही. तुमच्यासारख्यांना म्हणजे कुणाला? आपण मला ओळखत नाही. मी कुठे वाढलो, काय करतो, फ्रेडी बुलसारा हा मुलगा माझ्यासाठी काय आहे, यातलं काहीही न विचारता आपण मला एका टोपलीत टाकून मोकळे झालात. वाद घालायला माझी कधीच ना नाही. या ब्लॉगवर अकरा वर्षांत मी एकही प्रतिक्रिया उडवलेली नाही, आपलीही उडवणार नाही. पण नाव झाकून, सातासमुद्रापलीकडे बसून दुसऱ्याची लायकी काढायची, याला टीका म्हणत नाहीत. बोलू नये, पण बोलावं लागतंय.

आणि ती 'हॉस्टेलातली एक कॉट'. त्या कॉटबद्दल मला बोलायचं आहे, कारण ती मी पाहिली आहे.

माझे वडील पाचगणीतल्या एका निवासी शाळेच्या मेसमध्ये आचारी होते. शाळा फ्रेडीची नव्हे, दुसरी. नाव सांगण्याचं कारण नाही. आम्ही शाळेच्या मागच्या बाजूला, नोकरांच्या खोल्यांमध्ये राहायचो. सुट्टी संपून शाळा सुरू होण्याच्या दिवशी पसरणीचा घाट चढून गाड्या यायच्या आणि व्हरांड्यात ट्रंकांची रांग लागायची. पत्र्याच्या ट्रंका, त्यावर पांढऱ्या ऑइलपेंटने नाव आणि नंबर. सात-आठ वर्षांची पोरं आपापल्या ट्रंकेवर बसून असायची. आई-वडिलांची गाडी वळणाआड गेली की काही रडायची, काही अजिबात रडायची नाहीत. न रडणाऱ्यांकडे लक्ष ठेव, असं बाबा मला सांगायचे. ती जेवत नाहीत.

झांझिबारहून पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत आलेला फारुख बुलसारा, म्हणजे आपला फ्रेडी, आठ वर्षांचा होता. त्याचं घर पसरणीच्या घाटाखाली वाईला नव्हतं. मधे अख्खा हिंदी महासागर होता. वडील बोमी तिकडे हायकोर्टात कॅशियर, आई जेर, आणि तान्ह्यातून जेमतेम बाहेर आलेली धाकटी बहीण. लहान सुट्ट्या लागल्या की बाकीची मुलं घरी जात, हा मुंबईतल्या नातेवाइकांकडे जाई. एकटेपणा होता, हे आपण बरोबर लिहिलंत. ते मी कुठे नाकारलं? पण एकटेपणा 'दिला' आणि संपलं, असं जे आपण लिहिता, तिथे माझा विरोध आहे. त्या एकटेपणात त्या मुलाने केलं काय, हे आपल्याला ठाऊक नाही, आणि जाणून घ्यायची इच्छाही आपल्या प्रतिक्रियेत दिसली नाही.

त्याने पियानो धरला. मुलाला संगीताची जाण आहे, थोडी जादा फी भरून शिकवणी लावा, असं मुख्याध्यापकांनी घरी कळवलं आणि आई-वडिलांनी ती लावली. चौथ्या श्रेणीपर्यंतच्या परीक्षा तो तिथेच पास झाला. आणि रेडिओवर एकदा ऐकलेलं गाणं तो लगेच पियानोवर बसून वाजवून दाखवायचा, ही आठवण त्याच्या शाळासोबत्यांनी सांगितलेली आहे. हे मी माझ्या मनाने रचलेलं नाही.

एकदा ऐकून वाजवायचं. याचं आपल्याला काहीच वाटत नाही? मला वाटतं, कारण हे कसं होतं ते मी डोळ्यांनी पाहिलं आहे. आमच्या शाळेच्या हॉलमध्ये एक जुना पियानो होता. पाचगणीचा पाऊस आपण पाहिला असेल तर माहीत असेल, जून ते सप्टेंबर भिंतींना ओल, कपड्यांना बुरशी, आणि धुकं खोलीच्या आत. त्या दमटपणाने पियानोचं लाकूड फुगायचं, आतलं नमद्याचं कापड जड व्हायचं, आणि दाबलेली पट्टी वरच यायची नाही. म्हणून पावसाळाभर त्याच्या पोटात चाळीसचा बल्ब पेटता ठेवायचे. संध्याकाळी तो लागलाय की नाही ते बघायचं काम माझ्याकडे होतं. मी दहा वर्षांचा होतो. खालचं झाकण काढलं की आतला पिवळा उजेड तारांवर पडायचा आणि गरम धुळीचा वास यायचा. तेवढ्यासाठी मला हॉलमध्ये शिरायची परवानगी होती. वाजवायची नव्हती. एकदा मी एकच पट्टी दाबली, तर तिथल्या एका माणसाने मला दंडाला धरून बाहेर काढलं. असो.

पण मी ऐकायचो. त्या हॉलमध्ये एक मुलगा यायचा. शाळेत रेडिओ एकच, आणि तो रविवारी थोडा वेळ लागायचा. कॅसेट नाही, रेकॉर्ड नाही, गाणं पुन्हा लावता येत नाही. ते पुढच्या रविवारी लागेल याची खात्री नाही. मग काय करणार? तो मुलगा डोळे मिटून ऐकायचा, आणि गाणं संपलं की तोंडातल्या तोंडात गुणगुणत, कुणाशी न बोलता, तडक हॉलकडे पळायचा. वाटेत कुणी हाक मारली तर गेलंच ते. कान असे तयार होतात. ज्याला हवं तेव्हा हवं ते ऐकायला मिळतं त्याला एकदाच ऐकून सगळं धरून ठेवायची गरज पडत नाही. निवासी शाळेतल्या पोराला पडते. तो मुलगा पुढे संगीतात गेला नाही, पण मी गेलो. आज साताऱ्यात मी मुलांना की-बोर्ड शिकवतो, आणि पहिले तीन महिने त्यांच्यासमोर कागद ठेवत नाही.

लंडनकर, आपल्याला 'कॉट' दिसली. मला तो रेडिओपासून पियानोपर्यंतचा व्हरांडा दिसतो.

आणि आता ती माझी चूक. फ्रेडी हेक्टिक्समध्ये पुढे नव्हता, मागे पियानोवर होता, हे आपण मोठ्या विजयाने लिहिलंत. अहो, पण बँड पियानोवरच तर चालायचा! 1958 मध्ये, बारा वर्षांचा असताना, एल्विस, क्लिफ रिचर्ड, लिटिल रिचर्ड यांची गाणी पाठ करून ही पाच पोरं शाळेच्या कार्यक्रमांत वाजवायची आणि शेजारच्या शाळेच्या मुली ओरडून हॉल डोक्यावर घ्यायच्या. क्लिफ रिचर्ड स्वतः लखनौचा जन्म असलेला, पण ते असू द्या, नाहीतर आपण म्हणाल, यांनी त्यालाही ओढला. मुद्दा असा की पाच जणांना एका ठेक्यात धरून ठेवणं, गायक चुकला तर सुरात परत आणणं, समोरच्या गर्दीचा आवाज वाढला की आपला हात वाढवणं, हे सगळं पियानोवर बसलेला करतो. पुढे क्वीनमध्ये त्याने जे केलं त्याची तालीम ही नाही, तर मग दुसरी कुठली?

आपण म्हणता गायक लंडनमध्ये घडला. ठीक. लंडनचा हिशोब मलाही माहीत आहे. जानेवारी 1964 मध्ये झांझिबारला क्रांती झाली आणि बुलसारा कुटुंब सगळं सोडून लंडनच्या फेल्टम भागात आलं. आयझलवर्थचं पॉलिटेक्निक, मग ईलिंगचं कला महाविद्यालय, 1969 मध्ये ग्राफिक्सचा डिप्लोमा, विमानतळावर सामान उचलायचं काम, केन्सिंग्टनच्या बाजारात रॉजर टेलरबरोबर जुन्या कपड्यांची टपरी. 'स्माइल' या बँडमधला टिम स्टाफेल हा ईलिंगचाच, त्याच्यामुळे त्याच बँडमधल्या ब्रायन मे आणि टेलरची ओळख. ऑगस्ट 1969 मध्ये बोल्टनला 'आयबेक्स' बँडबरोबर तो पहिल्यांदा गायक म्हणून उभा राहिला. 1970 मध्ये स्टाफेल 'स्माइल'मधून बाहेर पडला, फ्रेडी आत आला, बँडचं नाव त्याने क्वीन केलं. 1971 मध्ये जॉन डीकन आला, जुलै 1973 मध्ये पहिला अल्बम. क्वीनचं बोधचिन्ह त्याने स्वतः काढलं, चौघांच्या राशींवरून, दोन सिंह, एक खेकडा, दोन पऱ्या. ईलिंगचं शिक्षण तिथे कामाला आलं, हे मी आनंदाने म्हणतो.

पण तारखा एकदा शेजारी मांडून बघा. पाचगणी सुटली 1962 च्या सुमारास. बोल्टनचा कार्यक्रम 1969 चा. मधल्या सात वर्षांत, त्यातली पाच तर लंडनचीच, त्याच्या नावावर एकही बँड नाही. चित्रं काढत होता, जिमी हेंड्रिक्सची चित्रं काढून भिंती भरत होता. म्हणजे लंडनमध्ये तो आला तेव्हा त्याच्याजवळ जे होतं ते कुठून आलं होतं? विमानात मिळालं नव्हतं. गायकी लंडनमध्ये पिकली असेल. पेरणी कुठे झाली, एवढंच मी लिहिलं होतं, आणि त्यासाठी मला 'तुमच्यासारखे' ऐकून घ्यावं लागलं.

फ्रेडीने भारताचं नाव काढलं नाही, यावर मी फार बोलणार नाही. मुलाखती तो मुळातच कमी द्यायचा, आणि त्या काळच्या इंग्लंडमध्ये बुलसारा या नावाने स्टेजवर जाणं किती सोपं होतं ते आपण तिथे राहता, आपणच सांगा. मोठेपणी माणूस कशाबद्दल बोलत नाही, यावरून त्याचं लहानपण पुसायचं नसतं. माझे वडील पाचगणीबद्दल शेवटची वीस वर्षं एक अक्षर बोलले नाहीत.

'माहितीपत्रक' या शेऱ्याला उत्तर देत नाही. टेबललँडचा उल्लेख लेखात दोनदा आहे, स्ट्रॉबेरीचा एकदा. हवं तर मोजा.

एक मात्र राहिलंच. आपण अभिमानाने लिहिलंत की फेल्टमच्या त्या घरापासून आपण दहा मिनिटांवर राहता आणि त्या भिंतीवरची निळी पाटी (तिकडे नामवंतांच्या घरांवर लावतात ती) आपण कैकदा पाहिली आहे. ग्लॅडस्टन अव्हेन्यू, घर क्रमांक 22, पाटी 2016 मध्ये लागली. पुढच्या वेळी गेलात की नीट वाचा. फ्रेडी मर्क्युरीच्या नावाखाली कंसात 'फ्रेड बुलसारा' असं आहे. मर्क्युरी हे आडनाव त्याने लंडनमध्ये घेतलं, कबूल. पण फारुखचा 'फ्रेडी' सेंट पीटर्सच्या पोरांनी आणि मास्तरांनी केला. घरच्यांनीही मग तेच नाव उचललं. म्हणजे हे पहिलं नाव तरी पाचगणीचं आहे, आणि ते लंडनच्या भिंतीवर लागलेलं आहे.

माझ्या लिहिण्यात कुठे शब्द जास्त झाला असेल तर क्षमा करा. आपल्या वाक्याने मला बाबांची आठवण आली, म्हणून झालं असेल. कधी इकडे आलात तर उन्हाळ्यात येऊ नका, तेव्हा नुसती गर्दी असते. जुलैत या. साताऱ्याहून दीड-दोन तासांत पोहोचतो, मी बरोबर येईन. आणि पुढची प्रतिक्रिया कृपया स्वतःच्या नावाने लिहा.